एका नोंदीची खोडाखोड : डॉ. ह. धी. सांकलिया

गेल्या टर्मला आपल्या वाङ्मय मंडळाने लायब्ररीबाहेरच्या बोर्डवर ‘आपला जिल्हा’ नावाचा छोटासा कोश लावायचं ठरवलं. जिल्ह्यातली माणसं, जागा, नद्या, प्रत्येकावर सव्वाशे शब्दांची एक नोंद. चांदबीबी, शिर्डी, भंडारदरा, राळेगण हे विषय पहिल्या पाच मिनिटांतच पळवले गेले. मी मीटिंगला उशिरा पोचलो (मेसला त्या दिवशी मिसळ होती), त्यामुळे टेबलावर उरलेली एकुलती एक चिठ्ठी माझ्या वाट्याला आली. तिच्यावर लिहिलं होतं, डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया, पुरातत्त्वज्ञ.

खरं सांगायचं तर मला हा माणूस माहीत नव्हता. नावावरून तो नगरचा वाटेना. पण सबमिशनची सवय असल्यामुळे मी लायब्ररीत बसून तासाभरात नोंद पाडली. तिचा मथितार्थ असा होता, की सांकलिया हे थोर व जगद्विख्यात पुरातत्त्वज्ञ असून त्यांनी जोर्वे संस्कृतीचा शोध लावला, नेवाशाचा शोध लावला, दायमाबादचा शोध लावला आणि महाराष्ट्राचा इतिहास उजेडात आणला. चार ओळींत तीन शोध. मी खूश होतो.

नोंदी तपासायचं काम सिव्हिलच्या सर्व्हे शिकवणाऱ्या सरांकडे होतं. त्यांनी कागद परत दिला तेव्हा ‘थोर’ आणि ‘जगद्विख्यात’ लाल पेनने खोडलेले होते आणि तिन्ही ‘शोध लावला’ भोवती गोल काढलेले होते. शेजारी एकच प्रश्न होता, म्हणजे नक्की काय केलं?

मला राग आला. पण रात्री रूमवर विचार करायला लागल्यावर लक्षात आलं, की खरंच मला ते सांगता येत नाही. मराठीत आपण एडिसनने बल्बचा शोध लावला म्हणतो आणि कोलंबसने अमेरिकेचा शोध लावला असंही म्हणतो. एकाने नसलेली गोष्ट बनवली, दुसरा असलेल्या ठिकाणी जाऊन पोचला, आणि तिथे आधीपासून माणसं राहत होती. मग जोर्वे गावाचा ‘शोध लावला’ म्हणजे काय? संगमनेरहून एसटी जाते तिथे! या एका क्रियापदापायी मला सांकलियांचं सगळं आयुष्य वाचावं लागलं. नोंदीत ते मावणार नव्हतंच, म्हणून इथे लिहितो.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ चा, मुंबईतल्या गुजराती कुटुंबातला. शाळकरी वयात, पंधराएक वर्षांचे असताना, लोकमान्य टिळकांचं वेदकालीन आर्यांच्या मूलस्थानावरचं पुस्तक त्यांच्या हाती आलं, तेही गुजराती अनुवादातून. त्यातलं फारसं काही समजलं नाही. पण आर्यांचा हा विषय आपण शिकायचाच, आणि त्यासाठी टिळकांसारखं संस्कृत आणि गणित दोन्ही यायला हवं, हे त्यांच्या डोक्यात बसलं. (आपल्यापैकी किती जण न समजलेल्या पुस्तकामुळे शाखा निवडतात? बहुतेक जण कटऑफ बघून निवडतात. असो.) पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात फादर हेरास यांच्या हाताखाली एम. ए. केलं, विषय होता नालंदा विद्यापीठ. तो प्रबंध १९३४ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. वकिलीची परीक्षाही दिली होती, पण कोर्टाची पायरी काही चढले नाहीत.

मग लंडन. तिथे गुजरातच्या पुरातत्त्वावर डॉक्टरेट केली. पण मला त्यातला महत्त्वाचा भाग प्रबंधाचा वाटत नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल नावाचा एक प्राचीन टेकडीकोट आहे. १९३४ ते १९३७ या काळात तिथे मॉर्टिमर व्हीलर उत्खनन करत होते, आणि सांकलिया त्या खड्ड्यांत काम शिकले. व्हीलरची पद्धत आपल्याला, म्हणजे निदान सिव्हिलवाल्यांना, लगेच समजेल. जागेवर ग्रिड आखायचा, सारखे चौरस पाडायचे आणि दोन चौरसांच्या मध्ये मातीची भिंत तशीच ठेवायची. खाली कितीही गेलात तरी त्या भिंतीच्या उभ्या छेदात मातीचे थर दिसत राहतात. कोणती वस्तू कोणत्या थरातून, किती खोलीवरून आली याची नोंद ठेवायची. वस्तू सुंदर आहे की फुटकी याला महत्त्व दुय्यम, तिची जागा पहिली. हेच व्हीलर १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होऊन आले आणि इथेही ही पद्धत रुजली. सांकलियांच्या हातात ती त्याआधीच होती.

१९३४ मध्ये बंद पडलेलं पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं आणि सांकलिया तिथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. इरावती कर्वेही त्याच सुमारास तिथे आल्या. पुढे गुजरातमध्ये लांघणज इथे दोघांनी मिळून काम केलं, आणि तिथे बारीक दगडी हत्यारं वापरणाऱ्या माणसांचे सांगाडे मिळाले. मुंबईचा गुजराती माणूस आयुष्यभरासाठी पुणेकर झाला तो असा. कोल्हापूरला ब्रह्मपुरीचं उत्खनन १९४५-४६ मध्ये केलं. ते मी इथे नुसतं नोंदवून पुढे जातो, कारण आपल्याला प्रवरेकाठी यायचंय.

त्या वेळची परिस्थिती समजून घ्या. सिंधू खोऱ्यात हडप्पा, मोहेंजोदडो सापडून पंचवीस-तीस वर्षं झाली होती. महाराष्ट्रात मात्र सातवाहनांच्या मागे गेलं की पान कोरं. नाणेघाटाचा लेख, लेणी, नाणी, आणि त्याआधी? माणसं इथे शेती कधीपासून करतात, गावं कधी वसली, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. पुराणांतल्या कथा होत्या, पण कथेला थर नसतात.

१९५०-५१ मध्ये सांकलिया आणि त्यांचे सहकारी शां. भा. देव यांनी नाशिक आणि आपलं जोर्वे या दोन ठिकाणी खोदकाम केलं. जोर्व्यात प्रवरेच्या काठी एक पांढरं टेकाड होतं. तिथे चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, तांबूस-नारिंगी रंगाची पातळ भांडी मिळाली. वर काळ्या रंगाने रेषा, त्रिकोण, जाळी अशी नक्षी. दोन आकार परत परत दिसत होते. एक तोटीचं भांडं, आणि दुसरा पोटाशी धारदार कंगोरा असलेला वाडगा. बोटाने टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो म्हणतात. बरोबर गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी. म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणारे शेतकरी, लोखंड माहीत नसलेले.

पुरातत्त्वात एक रिवाज आहे. एखाद्या प्रकारची भांडी ज्या गावी पहिल्यांदा नीट ओळखली जातात, त्या गावाचं नाव त्यांना मिळतं आणि मग ती भांडी वापरणाऱ्या सगळ्या लोकांना मिळतं. नंतर तापी, गोदावरी, भीमा यांच्या खोऱ्यांत तशीच भांडी कितीतरी ठिकाणी सापडली. ती सगळी आज ‘जोर्वे संस्कृती’, काळ साधारण इ. स. पूर्व १४०० ते ७००. जगात कुठेही भारताच्या ताम्रपाषाण युगावर पुस्तक उघडा, त्यात आपल्या संगमनेर तालुक्यातल्या एका खेड्याचं नाव असतं. तिथल्या मुलांना बहुतेक ते माहीत नसतं. मला तरी कुठे होतं?

तर पहिला गोल असा सुटला. सांकलिया व देव यांनी जोर्वे येथे उत्खनन केले आणि तेथील वैशिष्ट्यपूर्ण भांड्यांवरून एका संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले. ‘शोध लावला’पेक्षा लांब वाक्य झालं. पण यात कोणी, कुठे, काय केलं ते आलं, आणि दुसऱ्या माणसाचं नावही आलं, जे माझ्या नोंदीत नव्हतंच.

नेवाशाची गोष्ट मला सगळ्यात आवडली. नेवासा म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते, पैसाचा खांब आठवतो, शके १२१२ आठवतं. तिथून जवळच प्रवरेच्या काठावर लाडमोड नावाचं टेकाड आहे. सहलीची बस तिकडे वळत नाही. १९५४ ते १९५६ मध्ये सांकलियांनी देव, अन्सारी या सहकाऱ्यांसह ते खणलं, आणि १९५९ ते १९६१ मध्ये पुन्हा. वरून खाली जाताना आधी मुसलमानी-मराठा काळातली वस्ती लागली, मग सातवाहनांचा काळ. त्यात रोमन मद्याच्या उंच सुरयांची खापरं होती, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकडचा माल बोटीने, मग घाट चढून नेवाशापर्यंत येत होता! त्याखाली जोर्वेवाले शेतकरी. आणि नदीच्या काठच्या दरडींमध्ये, वाळू-गोट्यांच्या थरांत, अश्मयुगातली दगडी हत्यारं आणि नामशेष झालेल्या जनावरांची हाडं. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात आदिमानवाने वस्तीच केली नसावी अशी तोवर समजूत होती. त्याला हवा तसा दगड इथे नाही म्हणून. सांकलियांनी आधी नाशिकजवळ गंगापूरला आणि मग नेवाशाला दाखवलं, की तो इथे होता आणि मिळेल त्या दगडावर त्याने भागवलं होतं. नेवाशातल्या मधल्या अश्मयुगाच्या हत्यारांना तर ‘नेवासियन’ असं नाव पडलं. पुढे १९६६ नंतर गुड्रुन कोर्व्हिनस या जर्मन संशोधक बाईंनी जवळच्या चिरकी इथे त्याहून जुन्या हातकुऱ्हाडींची जागा खणली. नेवाशाच्या पहिल्या उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये आला. नावच असं, की इतिहासाकडून प्रागितिहासाकडे. खोदणारा माणूस त्याच दिशेने जातो ना!

त्या अहवालात लहान मुलांच्या दफनांबद्दल आहे. घरातलं लहान मूल गेलं की ही माणसं त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात मूल, आणि पुरायचं कुठे, तर राहत्या घराच्या जमिनीखाली. वर आई चूल सारवत असेल. अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. धागा तीन हजार वर्षं टिकत नाही. पण तांबं गंजतं, आणि त्या गंजाने मण्यांच्या आतला धाग्याचा अंश वाचवला. तपासणीत तो रेशीम आणि कापसाचा असल्याचं नोंदवलं गेलं. मटेरियल सायन्सच्या तासाला कोरोजनचे तोटे लिहून लिहून माझा हात दुखला आहे. त्यात हा एक फायदा कोणी सांगितला नव्हता. मी ते पान वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि रूममेट घोरत होता. ‘महाराष्ट्राचा इतिहास उजेडात आणला’ हे माझं वाक्य मी तेव्हा स्वतःच खोडलं.

आता दायमाबाद, इथे मी चक्क चुकलो होतो. दायमाबाद श्रीरामपूर तालुक्यात, तेही प्रवरेकाठीच. ही जागा १९५८ मध्ये बोपर्डीकर यांनी नोंदवली. उत्खनन केलं ते केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने, तीनदा. १९५८-५९ मध्ये म. ना. देशपांडे, १९७४ मध्ये एस. आर. राव आणि त्यानंतर १९७९ पर्यंत एस. ए. साळी. इथे जोर्वे काळाच्या खाली माळवा, त्याखाली आणखी जुने थर, त्यांत उत्तर हडप्पा काळाचेही लागले. यात सांकलियांचा फावडं मारण्याशी संबंध नाही. त्यांनी जोर्व्याचा आणि नेवाशाचा क्रम लावून दिला होता म्हणून दायमाबादचे थर वाचणं सोपं गेलं असं फार तर म्हणता येईल.

आणि दायमाबाद ज्यासाठी जगाला माहीत आहे तो बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, हे चार ओतीव नमुने तर यांपैकी कोणीच काढले नाहीत. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल हे गावचे रहिवासी एका झुडपाच्या बुंध्याशी खणत होते, त्यांना ते लागले. रथ ४५ सेंटिमीटर लांब, दोन बैल जुंपलेले, वर उभा माणूस. आज हे नमुने मुंबई आणि दिल्लीच्या संग्रहालयांत काचेमागे आहेत. ते थरातून न मिळाल्यामुळे एक घोळ मात्र झाला. साळींनी, ढवळीकरांनी ते हडप्पा काळाच्या अखेरचे मानले. डी. पी. अगरवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकचं प्रमाण बघून शंका घेतली, की ते बरेच नंतरचे असावेत. वस्तू हातात आहे, तिचं रासायनिक पृथक्करण झालं आहे, तरी तिचं वय नक्की नाही, कारण तिची जागा नोंदली गेली नाही. मेडन कॅसलच्या मातीच्या भिंती मला इथे आठवल्या.

मी सांकलियांच्या नोंदीतून दायमाबाद काढून टाकलं. मित्र म्हणाला, एवढ्या मोठ्या माणसाचं श्रेय कशाला कमी करतोस? पण जे त्यांचं नव्हतं ते काढल्याने त्यांचं काही गेलं नाही, आणि छबू भिल यांना नोंद मिळाली. बोर्डवर दायमाबादची वेगळी चिठ्ठी लागली, तिच्यात पहिलं नाव त्यांचं आहे.

इथे मला माझ्या घरचं एक सांगितलं पाहिजे. जमिनीचे दोन प्रकार आपल्याकडे जुने आहेत, काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या वस्तीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती शेकडो वर्षं साचून जमीन पांढुरकी होते. उत्खनन करणारे नदीकाठी फिरताना आधी ही पांढरीच शोधतात. आमच्या गावाबाहेरही असं एक टेकाड होतं. माझे आजोबा दर उन्हाळ्यात तिथून बैलगाडीने माती आणून शेतात टाकायचे, कारण पांढरीच्या मातीने पीक चांगलं येतं. सगळा गाव आणायचा. त्या मातीत खापरं यायची, ती आम्ही पोरं नदीत भाकऱ्या मारायला वापरायचो. आता तिथे टेकाड नाही, सपाट ऊस आहे. त्या खापरांवर काळी नक्षी होती का, हे मी आठवायचा खूप प्रयत्न केला. आजोबांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण कितीतरी गावांच्या पांढऱ्या अशाच बैलगाडीत आणि पुढे ट्रॅक्टरमध्ये बसून गेल्या. त्या काळात दोन पावलं पुढे राहून, खणून, मोजून आणि मुख्य म्हणजे छापून ठेवणारा माणूस होता, हे माझ्या दृष्टीने सांकलियांचं मोठेपण. नाशिक-जोर्वेचा अहवाल १९५५ मध्ये बाहेर आला, म्हणजे खोदकामानंतर चार-पाच वर्षांत. खोदून ठेवलेले आणि कधीच न छापलेले अहवाल या क्षेत्रात पुष्कळ आहेत असं सर म्हणाले. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टची अवस्था बघता मी गप्प बसलो.

बाकीचं भराभर सांगतो. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी माहेश्वर-नावडातोली, राजस्थानात आहाड, आणि १९६८ पासून पुणे जिल्ह्यात घोडनदीकाठचं इनामगाव, जिथे ढवळीकर आणि अन्सारी यांच्यासह जोर्वे काळातलं अख्खं गावच्या गाव उघडं केलं गेलं. भारत-पाकिस्तानच्या प्रागितिहासावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ साठीच्या दशकात आला आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी वापरला. दगडी हत्यारं कशी बनवत, त्यांना काय म्हणावं, कशासाठी वापरत असतील यावर १९६४ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. मराठीत म. श्री. माटे यांच्याबरोबर महाराष्ट्राच्या पुरातत्त्वावरचा ग्रंथ संपादित केला. १९७३ मध्ये रामायणावर पुस्तक लिहून रामाची लंका मध्य भारतातच कुठेतरी असावी असं मांडलं आणि बराच वाद ओढवून घेतला. ताम्रपाषाण काळातल्या काही भांड्यांचे आकार बघून त्यांनी इराणशी जोडलेले धागे आज कोणी तितक्या खात्रीने जोडत नाही. नोंदीत हेही असावं असा माझा आग्रह होता आणि सरांनी ते ठेवलं. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७८ मध्ये आत्मचरित्र आलं, ज्याच्या नावातच ते पुरातत्त्वासाठी जन्मल्याचं म्हणतात. २८ जानेवारी १९८९ ला पुण्यात ते गेले.

शेवटी नोंद १३१ शब्दांची झाली, सहा शब्द जास्त. तिच्यात विशेषण एकही नाही. क्रियापदं आहेत, शिकले, खणले, ओळखले, छापले, मांडले.

बोर्ड लागल्यावर तिसऱ्या दिवशी फर्स्ट इयरचा एक मुलगा मला मेसच्या रांगेत शोधत आला. त्याचं गाव जोर्व्याच्या पलीकडेच. आमच्या बांधाला अशी खापरं पडलेली असतात, म्हणाला. मी म्हटलं बघू, आण. सोमवारी त्याने रुमालात बांधून एक तुकडा आणला. तांबूस, पातळ, एका कडेला कंगोरा, वर दोन काळ्या रेषा. टिचकी मारून बघितली, खरंच टणकन आवाज आला. आम्ही दोघं धावत सरांकडे. सरांनी तो चष्मा वर करून नीट पाहिला, मग विचारलं, नेमका कुठे पडला होता? मुलाला सांगता येईना, बांधाला म्हणजे बांधालाच. सरांनी त्याला जर्नलच्या कागदावर बांधाचा नकाशा काढायला लावला, विहिरीपासून पावलं मोजायला सांगितली, आणि खापर होतं तिथेच परत ठेवून ये म्हणाले.

शनिवारच्या एसटीने तो गावी गेला. खिशात रुमाल, हातात आमच्या लॅबची तीस मीटरची टेप. टेपच्या रजिस्टरवर सही माझी आहे, म्हणून मी त्याची सोमवारी वाट बघतोय.